आंबा घाट चढताना गाडी तापते, रेडिएटरची जाळी बदलूनही पाणी कमी होते. इंजिनाचे हेड खोलावे का?

चिरेवाला (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझी २०१४ सालची, सहा सिलिंडरची, दहा चाकी बीएस-३ (जुन्या प्रदूषण निकषांची) मालवाहू गाडी आहे. कोल्हापूर ते रत्नागिरी हा सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता मी आठवड्यातून तीनदा करतो. जाताना साखरेची पोती असतात आणि येताना जांभ्याचे चिरे. गाडीच्या कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष कंपनीचा आहे असे मला वाटत नाही.

गेले दोन महिने येताना साखरपा सोडून आंबा घाटाला लागलो, की काही वळणांतच तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकू लागतो. गाडी बाजूला घेऊन, तासभर थंड होऊ देऊन झाकण उघडले, तर रेडिएटरमध्ये दोन ते अडीच लिटर पाणी सहज मावते. एवढे पाणी घातल्यावर गाडी उरलेला घाट फारशी कुरकुर न करता चढते. मला न उलगडलेली गोष्ट अशी, की जाताना तेवढेच वजन असूनही वाघबीळचा चढ गाडी निर्धास्त चढते आणि मलकापूरपर्यंत काटा जागचा हलत नाही. कोल्हापुरातून निघताना पाणी मी स्वतः गळ्यापर्यंत भरलेले असते.

आतापर्यंत केलेले उपाय सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एका फिटरने थर्मोस्टॅट काढून टाकला. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे त्याची गरज नाही, असे त्याचे म्हणणे होते. दोन महिन्यांपूर्वी रेडिएटरच्या खालच्या बाजूला ओल दिसली, म्हणून एका गॅरेजमध्ये संपूर्ण जाळी नवी बसवली. त्यानंतर दोन-तीन खेपा बऱ्या गेल्या असे वाटले, पण नंतर पुन्हा तेच सुरू झाले. गेल्या आठवड्यात दुसऱ्या गॅरेजमध्ये झाकण काढून इंजिन चालू केले, तेव्हा तोंडाशी सतत बुडबुडे येत होते. ते पाहताच हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) गेले आहे, हेड उतरवून फेस मारावा (पृष्ठभाग घासून सपाट करावा) लागेल, लायनरही (सिलिंडरची आतली नळकांडी) बघावे लागतील, असे सांगून त्यांनी ७० हजारांच्या पुढचा अंदाज आणि आठ दिवसांची मुदत दिली. हंगामात आठ दिवस गाडी उभी ठेवणे म्हणजे काय, हे येथील मालकांना वेगळे सांगायला नको.

चेंबरमधील (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतील) ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ झालेले नाही. पांढरा धूर नाही आणि ओढ कमी झालेली नाही. थंड इंजिन सुरू केल्यावर पाचेक मिनिटांतच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो. आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो, जिचा याच्याशी संबंध नसावा: सकाळी एअर टँकचे (ब्रेकच्या हवेच्या टाकीचे) पाणी काढतो तेव्हा अलीकडे ते नेहमीपेक्षा जास्त निघते आणि त्याला किंचित हिरवट झाक असते. ड्रायर (हवेतील ओल काढणारा भाग) जुना झाला असेल असे समजून मी ते सोडून दिले आहे.

हेड खोलण्यापूर्वी मला स्वतःला माझ्या उचगावच्या जागेत काही तपासण्या करता येतील का?

उद्यमनगरचा फिटर

मालक, हेडला अजून पाना लावू नका.

आपण संबंध नसावा म्हणून शेवटी जी गोष्ट लिहिली, तीच मी दोनदा वाचली. एअर टँकमध्ये हवेतील दमट वाफेचे पाणी जमते. ते मळकट, काळसर, तेलकट असू शकते, पण हिरवे नसते. हिरवा रंग कूलंटचा असतो. इंजिनाचे कूलंट हवेच्या टाकीपर्यंत पोहोचण्याची वाट एकच असते, ती म्हणजे ब्रेकची हवा भरणारा एअर कॉम्प्रेसर. आपल्या गाडीसारख्या जड गाड्यांमध्ये कॉम्प्रेसरचे हेड इंजिनाच्याच पाण्याने थंड ठेवलेले असते. तेथे एका बाजूला ब्रेकची हवा आणि दुसऱ्या बाजूला कूलंट असते आणि मध्ये एक लहानसे गॅस्केट असते. हवेचा दाब आठ बार किंवा त्याहून अधिक चढतो, तर रेडिएटरच्या झाकणाचा दाब एक बारच्या आसपास असतो. ते गॅस्केट फुटले किंवा हेडला केसासारखी चीर गेली, की कॉम्प्रेसर हवा भरत असताना हवा पाण्यात शिरते, आणि इंजिन बंद झाल्यावर उलट पाणी कॉम्प्रेसरमध्ये झिरपून पुढे टाकीत जाते. बुडबुडे, कडक होज आणि कमी होणारे पाणी ही तिन्ही लक्षणे अशा वेळी अगदी हेड गॅस्केट गेल्यासारखीच दिसतात. मी ३५ वर्षे हे काम करतो आहे. यात फसून विनाकारण उतरवलेली हेडे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांतली दोन माझ्या हातून उतरलेली आहेत.

जाताना गाडी का तापत नाही आणि येताना का तापते, हे कोडेही यातून सुटण्यासारखे आहे. कोल्हापूरहून आंब्यापर्यंत रेडिएटर भरलेला असतो आणि ब्रेकचा वापर बेताचा असतो. आंब्याच्या माथ्यावरून साखर घेऊन उतरताना मात्र पाय पुन्हा पुन्हा ब्रेकवर जातो, हवा खर्च होते आणि कॉम्प्रेसर जवळजवळ अखंड भरत राहतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात तो पाण्यात हवा ढकलत राहतो आणि तेवढे पाणी झाकणावाटे बाहेर फेकले जाते. उतारावर इंजिनावर भार नसल्यामुळे काटा खालीच राहतो, म्हणून तुम्हाला काही कळत नाही. परतीच्या चढावर इंजिन पूर्ण ताकदीने ओढू लागते, तेव्हा आधीच दोन लिटर कमी असलेले पाणी अपुरे पडते. पाणी जाते उतरताना आणि गाडी तापते चढताना, असा माझा तर्क आहे. तो खरा की खोटा हे एका रविवारी ठरवता येईल.

गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, कारण आपण हवा कमी-जास्त करणार आहोत. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढा, पाणी तोंडापर्यंत भरा, ब्रेक पेडल मारून टाकीतील हवा उतरवा आणि मग इंजिन आयडलला चालू करा. हवा भरत असताना बुडबुडे येतात का ते पाहा. दाब पुरेसा झाला की ड्रायरजवळ ‘फस्स’ असा आवाज येऊन कॉम्प्रेसर रिकामा फिरू लागतो. त्या क्षणापासून बुडबुडे कमी होऊन थांबले, आणि पेडल मारून हवा पुन्हा खाली आणल्यावर परत सुरू झाले, तर दोष कॉम्प्रेसरचा आहे. हेड गॅस्केटमधून येणारा वायू हवेच्या टाकीत किती दाब आहे हे विचारत नाही. तो इंजिन चालू असेपर्यंत येत राहतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो.

त्यावरही समाधान झाले नाही, तर दुसरी खूण घ्या. कॉम्प्रेसरमधून ड्रायरकडे जाणारा हवेचा पाइप कॉम्प्रेसरच्या बाजूने सोडा आणि थोडा वेळ इंजिन चालवा. दाबच तयार होत नसल्यामुळे कॉम्प्रेसरचे बुडबुडे बंद व्हायला हवेत. त्या तोंडासमोर हात किंवा चेहरा नेऊ नका, हवा चांगलीच गरम असते. पाइप सोडलाच आहे तर त्यात बोट फिरवून ओल आणि काजळी किती आहे तेही पाहा.

तिसरी तपासणी साधनाची आहे. रेडिएटरच्या तोंडावर धरण्याची निळ्या द्रवाची नळी मिळते. सिलिंडरमधला जळका वायू त्या द्रवातून गेला, तर त्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे रंग बदलतो. कॉम्प्रेसरची हवा साधी बाहेरची हवा असल्यामुळे द्रव निळाच राहतो. ७० हजारांच्या निर्णयापूर्वी ही नळी कोणाकडून तरी मागून आणणे जड जाऊ नये.

एक सावधगिरी आताच सांगतो. पाणी फार कमी झाले, तर तापमानाचा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि काटा वर जाण्याऐवजी खाली पडू शकतो. चढावर काटा अचानक खाली आला, तर गाडी थंड झाली असे समजू नका, लगेच थांबा.

शिरोलीकर

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण कॉम्प्रेसरच्या मागे लागून बाकीच्या गोष्टी सुटू नयेत म्हणून लिहितो. माझ्याकडे शिरोली औद्योगिक वसाहतीतील ओतकामाचा माल पुण्याकडे नेणाऱ्या गाड्यांची देखभाल आहे. गाडी तापते म्हणून पाणी जाते, की पाणी जाते म्हणून गाडी तापते, हा प्रश्न आम्ही प्रत्येक वेळी आधी सोडवतो, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. आपल्या गाडीत मला दोन्ही असल्यासारखे वाटते.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट हा माझ्या मते आपला दुसरा दोष आहे. थर्मोस्टॅट फक्त थंड प्रदेशासाठी असतो हा समज फार जुना आणि फार खर्चिक आहे. इंजिन थंड असताना तो पाणी रेडिएटरकडे न पाठवता बायपासच्या वाटेने इंजिनातच फिरवतो. इंजिन तापल्यावर तो रेडिएटरची वाट उघडतो आणि बहुतेक जड इंजिनांत त्याच वेळी खालच्या चकतीने बायपास बंदही करतो. तो काढून टाकला, की बायपास कायमचा उघडा राहतो आणि वॉटर बॉडीने (पाण्याच्या पंपाने) ढकललेल्या पाण्यातला बराच भाग रेडिएटर न पाहताच पुन्हा इंजिनात येतो. सपाटीवर हे खपून जाते, घाटात खपत नाही. शिवाय उतारावर आणि थंडीच्या पहाटे इंजिन वाजवीपेक्षा थंड चालते, त्यामुळे डिझेल जास्त जाते आणि लायनर, रिंगा लवकर झिजतात. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी पातेल्यातील पाण्यात दोरीने लटकवून, थर्मामीटर ठेवून, शेगडीवर तापवून बघा. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाला, म्हणजे साधारण ८० अंशांच्या आसपास, तो उघडू लागला पाहिजे. तो भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, नाहीतर चुकीचे उत्तर मिळेल.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आपण साखर भरता, म्हणजे कारखान्याच्या आवारात गाडी तासन्‌तास उभी असणार. तेथे उडणारा बगॅसचा भुसा आणि उसाच्या पाचटाचे तुकडे इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन बसतात. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, कारण समोर दिसतो तो इंटरकूलर असतो. घाण त्याच्या मागे असते. गेल्या हंगामात आमच्या एका गाडीच्या या फटीतून मी अर्धी बादली भुसा काढला होता, आणि त्या गाडीचा चालक महिनाभर सांगत होता की जाळी रोज धुतो. इंटरकूलरचे बोल्ट सोडून तो थोडा पुढे झुकवा आणि हवा इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने मारा. जास्त दाबाच्या पाण्याचा फवारा तिरका मारू नका, पाती वाकतात आणि वाकलेल्या पात्यांतून वारा जात नाही. आपली जाळी नवी असली, तरी ती बसवणाऱ्याने इंटरकूलर धुतला होता का, हे विचारून घ्या.

पंख्याबद्दल एवढेच, की आपल्या गाडीला व्हिस्कस कपलिंगचा (गरम झाल्यावर पंख्याला घट्ट पकडणाऱ्या जोडाचा) पंखा असल्यास चढावर तो जोराने घोंघावला पाहिजे. तो आवाज पूर्वी येत असेल आणि आता येत नसेल, तर कपलिंगमधील सिलिकॉन द्रव गळून गेला असण्याची शक्यता आहे. घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद करून, चावी खिशात ठेवून, पंखा हाताने फिरवून पाहा. गरम असताना तो जड लागला पाहिजे. निवांत गरगर फिरला तर कपलिंग गेले.

झाकण सर्वांत स्वस्त असते आणि सर्वांत शेवटी बदलले जाते. साधे पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळते, पण एक बारच्या अधिक दाबाखाली ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग सैल पडली किंवा रबर कडक झाले, तर ही २० अंशांची सवलत आपण गमावून बसतो आणि निरोगी इंजिनही पाणी फेकू लागते. झाकणावर लिहिलेलाच दाब असलेले झाकण घ्या. जास्त दाबाचे लावाल तर होज किंवा जाळीची शिवण उसवेल.

घाटरस्ता

मी स्वतः चालक आहे, मेकॅनिक नाही. गगनबावडा, फोंडा, आंबोली या सगळ्या घाटांत गाडी चालवली आहे. बारीक गळती असेल तर रेडिएटरमध्ये दोन मुठी हळद टाकण्याचा उपाय आमचे जुने उस्ताद करीत असत आणि त्यावर गाडी घरापर्यंत येत असे. सांगली शेजारीच असल्यामुळे आपल्याकडे हळदीला तोटाही नाही. या गाडीला तो उपाय चालेल का?

उद्यमनगरचा फिटर

अडचणीच्या रात्री घरी पोहोचण्यापुरता तो उपाय मीही चुकीचा म्हणणार नाही. पण हळद गळतीच्या भोकापाशीच जाऊन थांबते असे नाही. ती पाण्यात फुगते आणि जेथे वाट अरुंद असेल तेथे बसते. रेडिएटरच्या बारीक नळ्या, ऑइल कूलरची पाती आणि कॉम्प्रेसरच्या हेडमधील लहान वाटा याच त्या अरुंद जागा आहेत. बाजारात मिळणाऱ्या गळती बंद करणाऱ्या भुकटीलाही हेच लागू आहे. पूर्वीची पितळ-तांब्याची जाळी उघडून, प्रत्येक नळीतून सळई फिरवून, पुन्हा झाळता येत असे. आताच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात, तिला सळई फिरवणे सोपे राहिलेले नाही. हळद टाकून घरी आलात, तर दुसऱ्या दिवशी पाणी काढून यंत्रणा धुतलीच पाहिजे. ती धुण्याची आठवण कोणाला राहत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

आणि घाटात गाडी तापली असताना झाकण उघडू नका. ओढ्याचे गार पाणी गरम इंजिनात ओतू नका. हेडला चीर पाडण्याचा तो हमखास मार्ग आहे. रेडिएटरमध्ये पाणी असेल आणि नुसता काटा वर असेल, तर गिअर काढून, थोडा आयडल वाढवून इंजिन दोन-चार मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरत राहते. वाफ आणि पाणी बाहेर पडून रेडिएटर रिकामा झाला असेल, तर मात्र ताबडतोब बंद करावे.

चिरेवाला

उत्तर देणाऱ्या सर्वांचे आभार. रविवारी सकाळी उचगावात गाडी उभी करून फिटरकाकांनी सांगितल्याप्रमाणे सर्व तपासण्या केल्या. आमच्या शेजारचे लेथवाले मदतीला होते.

हवा उतरवून इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी भात शिजावा तसे बुडबुडे येत होते. ड्रायरचा आवाज झाला आणि अर्ध्या मिनिटात पाणी शांत झाले. प्रथम मला वाटले की हा योगायोग असेल, म्हणून पेडल मारून हवा खाली आणली. बुडबुडे पुन्हा सुरू. असे चार वेळा केले आणि चारही वेळा तेच झाले. इंजिनाचा वेग वाढवून पाहिला, तेव्हा कॉम्प्रेसर रिकामा फिरत असताना एकही बुडबुडा आला नाही. निळ्या द्रवाची नळी शिरोलीतील एका ओळखीच्या वर्कशॉपमधून आणली होती. द्रव निळाच राहिला. हवेचा पाइप सोडला, तर आत हिरवट ओल होती आणि काजळी एवढी होती की पाइपाचे भोक पेन्सिलीएवढे उरले होते.

शिरोलीकर यांनी सांगितलेला भुसाही सापडला, पण अर्धी बादली नाही, दोन-तीन ओंजळी असेल. तो खालच्या भागात ओल्या चिखलासारखा घट्ट बसला होता. जाळी बसवणाऱ्याला विचारले, तेव्हा इंटरकूलर काढला नव्हता असे त्याने मान्य केले. पंखा गरम असताना जड लागतो, तो ठीक असावा.

आता लाजेची गोष्ट. घाटरस्ता यांचा प्रश्न वाचून मी माझ्या बदली चालकाला विचारले. मागच्या महिन्यात पाली गावाजवळ त्याने रेडिएटरमध्ये हळद टाकली होती आणि मला सांगितले नव्हते. काढलेल्या पाण्याच्या तळाशी पिवळा गाळ होता. त्याला रागावलो नाही, कारण गाडी त्याने घरी आणली होती.

माझे दोन प्रश्न आहेत. कॉम्प्रेसर पूर्ण नवा घ्यावा की त्याचे हेड दुरुस्त करून चालेल? आणि आजवर मी घरच्या बोअरचे पाणी आणि त्यात अंदाजाने एखादा डबा कूलंट घालत आलो आहे, ते पुढे चालेल का?

उद्यमनगरचा फिटर

पेन्सिलीएवढे भोक उरले होते हे वाचून गॅस्केट का गेले तेही समजले. हवा बाहेर पडण्याची वाट काजळीने अरुंद झाली, की कॉम्प्रेसरला तेवढीच हवा ढकलायला जास्त जोर लागतो आणि त्याचे हेड वाजवीपेक्षा तापते. तापलेल्या हेडमुळे त्यातील तेल जळून आणखी काजळी धरते. हा पाइप न बदलता नवे गॅस्केट घातले, तर सहा महिन्यांनी आपण पुन्हा येथेच प्रश्न विचाराल. पाइप नवा घ्या. साफ करण्याच्या भानगडीत पडू नका.

कॉम्प्रेसरचे हेड उतरवून दाबाखाली तपासून घ्या. चीर नसेल तर फेस मारून, नवे गॅस्केट घालून, बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर आवळून काम होईल. चीर असेल तर हेड बदलावे, वेल्डिंग करू नये. कॉम्प्रेसरच्या सिलिंडरच्या आत बोट फिरवून पाहा. पाण्यामुळे गंज धरून खड्डे पडले असतील, किंवा रिंगा सैल होऊन हवेबरोबर तेल जात असेल, तर मात्र पूर्ण कॉम्प्रेसर बदलणे परवडते. झिजलेल्या रिंगांतून कूलंट चेंबरमध्येही उतरू शकते, त्यामुळे पुढचे काही दिवस ऑइलची काडी रोज पाहा. आपल्या सुदैवाने ऑइल अजून स्वच्छ आहे.

ब्रेकची बाजू विसरू नका. कूलंट जेथपर्यंत गेले तेथपर्यंतचा मार्ग साफ झाला पाहिजे. सर्व एअर टँक पूर्ण रिकामे करा, ड्रायरचे कार्ट्रिज बदला, आणि पेडल दाबून ठेवून कोणत्या व्हॉल्व्हमधून हवा फुसफुसते का ते कान देऊन ऐका. आंब्याच्या उतारावर साखर भरलेली गाडी याच हवेच्या भरवशावर असते.

पाण्याबद्दल माझे मत ठाम आहे. बोअरच्या पाण्यातील क्षार तापल्यावर लायनरच्या बाहेरच्या अंगाला पांढरा थर धरतात आणि त्या थरातून उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. शिवाय आपल्या इंजिनात ओले लायनर आहेत, म्हणजे त्यांच्या बाहेरून थेट पाणी फिरते. प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर सूक्ष्म थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला वाफेचे बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ते लोखंडाला टाचणीने टोचावे तसे खड्डे पाडतात. चांगल्या कूलंटमधील रसायने तेथे संरक्षक पापुद्रा धरतात. साध्या पाण्यात ते संरक्षण नसते. एके दिवशी तो खड्डा आरपार जातो आणि मग खरोखरच हेड खोलावे लागते. कूलंट आणि क्षारविरहित पाणी अर्धे-अर्धे घ्या. तसे पाणी बॅटरीचे पाणी विकणाऱ्याकडे मिळते. काही डबे आधीच पाणी मिसळून तयार असतात, त्यात पुन्हा पाणी घालू नका. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचा. हिरव्यात तांबडे, तांबड्यात निळे असे मिश्रण करू नका.

यंत्रणा दोन-तीनदा साध्या स्वच्छ पाण्याने धुवा, हळदीचा पिवळा रंग जाईपर्यंत. मगच कूलंट भरा. भरताना घाई नको. झाकण उघडे ठेवून सावकाश ओता, हेडवरचा हवा सोडण्याचा प्लग सैल करा आणि तेथून अखंड पाणी आल्यावरच आवळा. हवा आत अडकली तर सगळे काम नीट होऊनही पहिल्याच चढावर काटा वर जाईल आणि आपण मला दोष द्याल. जुने कूलंट गटारीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. ते गोड लागते आणि विषारी असते. कुत्री, गुरे ते पितात.

कागलवाला

विषय निघाला आहे म्हणून विचारतो. माझी गाडी बीएस-६ आहे. बाहेर कोठेही ओल नाही, एअर टँक कोरडे आहेत, तरी आठवड्याला लिटरभर कूलंट कमी होते. निळ्या द्रवाचा रंगही बदलला. आता तरी हेड गॅस्केट म्हणायचे ना?

शिरोलीकर

अजूनही नाही. आपल्या गाडीला ईजीआर कूलर असेल, तर तो आधी वेगळा काढून तपासा. सिलिंडरमधून बाहेर पडलेल्या जळक्या वायूचा काही भाग पुन्हा आत पाठवण्यापूर्वी तो या कूलरमध्ये कूलंटनेच थंड केला जातो. त्याच्या आतील नळीला चीर गेली, की कूलंट धुराच्या वाटेने निघून जाते आणि जमिनीवर एक थेंबही पडत नाही. उलट जळका वायू पाण्यात शिरतो, म्हणून हेड शाबूत असतानाही निळ्या द्रवाचा रंग बदलतो. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना पांढरट, गोडसर वासाचा धूर येतो का ते पाहा. कूलर बाहेर काढून, एका बाजूने बंद करून, दुसऱ्या बाजूने हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवला की उत्तर लगेच मिळते. यात दिरंगाई करू नका, कारण ते कूलंट पुढे सायलेन्सरमधील महागड्या गाळणीपर्यंत पोहोचते आणि ती गाळणी कॉम्प्रेसरच्या गॅस्केटच्या भावात मिळत नाही.

चिरेवाला

काम झाले, चार खेपाही झाल्या, म्हणून कळवतो. कॉम्प्रेसरच्या हेडला चीर नव्हती. दोन बोल्टांच्या मध्ये गॅस्केट जळून गेले होते आणि तेथे बोटाच्या नखाएवढी वाट झाली होती. फेस मारला, गॅस्केट, पाइप, ड्रायरचे कार्ट्रिज, थर्मोस्टॅट आणि झाकण नवे घातले. इंटरकूलर पुढे झुकवून मधली फट स्वच्छ केली. गाडी दोन दिवस उभी होती आणि एकूण खर्च हेडसाठी सांगितलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्शातही आला नाही.

पहिल्या खेपेला आंबा घाट उतरून साखरप्यात थांबलो आणि गाडी थंड झाल्यावर पाणी पाहिले. बोटभर कमी होते. ते अडकलेली हवा निघाल्यामुळे असावे, कारण पुढच्या तीन खेपांत पातळी जागची हलली नाही. चढताना चिरे भरलेले असूनही काटा मधल्या रेघेच्या थोडा वर जाऊन थांबतो आणि माथ्यावर आल्यावर परत येतो. एअर टँकमधून आता जे निघते ते मळकट असते, हिरवे नसते.

जुनी जाळी मी भंगारात दिली नव्हती. शेजारच्या लेथवाल्यांनी ती दाब देऊन पाण्याच्या टाकीत बुडवली, तेव्हा जाळीच्या नळ्यांतून एकही बुडबुडा आला नाही. खालची जी ओल पाहून मी ती बदलली, ती पाणी काढण्याच्या कॉकच्या वॉशरमधून येत होती.